सव्वा इंच

ईट गावच्या बाजारपेठेत शिरताना डाव्या हाताला मुनवरभाई टेलरचं दुकान लागतं. पाटीवर 'लेडीज, जेन्ट्स व चिल्ड्रन' असं लिहिलंय, पण मुनवरभाईंची खरी कला काही त्या पाटीवर मावणारी नव्हती. माणसात जे कमी असेल ते कापडात भरून काढायचं आणि जे जास्त असेल ते कापडात जिरवायचं, ही ती कला. गावातल्या एका गुरुजींचा डावा खांदा चांगला दोन बोटं उतरलेला होता. मुनवरभाईंच्या सफारीत ते तीस वर्षं ताठ उभे राहिले आणि ताठच निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, शिपायाचेसुद्धा. टेलरचे तेवढे राहिले.

ह्या कलेचा एकच नियम होता. खरं माप तोंडातून बाहेर काढायचं नाही, गिऱ्हाइकासमोर तर मुळीच नाही. एखादी बाई दर दिवाळीला दोन इंचांनी वाढत असली तरी मुनवरभाई टेप गुंडाळता गुंडाळता म्हणायचे, "वाळलात की ओ! जेवता का न्हाय येळंवर?" बाई खूश, ब्लाउज सैल आणि पुढची दिवाळी पक्की. ह्याला खोटं बोलणं म्हणतात, हे मुनवरभाईंच्या कधी डोक्यातच आलं नाही. त्यांच्या लेखी हा धंद्याचा रिवाज होता.

ह्या रिवाजात बलभीमअण्णांच्या नातीचा हात सापडला.

नातीचं नाव अर्पिता. जन्मली तेव्हा पोरगी भरली साडेचार किलो. आता साडेचार किलो म्हणजे काय थट्टा आहे? बलभीमअण्णांनी गावभर पेढे वाटले आणि वाटताना वजन सांगितलं. लोक पेढा तोंडात टाकून मुद्दाम विचारायचे, "किती म्हणालात, अण्णा?" अण्णा पुन्हा सांगायचे. एवढं मोठं लेकरू बाहेर येताना खांदा आत अडकला, ओढाताण झाली, मानेतून हाताकडं जाणाऱ्या नसांना इजा झाली आणि उजवा हात जन्मतःच लुळा पडला, ही माहिती काही पेढ्यांबरोबर वाटण्यासारखी नव्हती. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं होतं, "महिन्याभरात येईल हात." कोण म्हणालं ते आजतागायत कुणाला आठवत नाही, पण वाक्य मात्र सगळ्या घराला तोंडपाठ.

महिना झाला. हात काही आला नाही, गाव मात्र आलं. कुणी म्हणालं, ग्रहणात आईनं भाजी चिरली असणार. कुणी म्हणालं, पोरीला एकाच कुशीवर निजवली. मग मथुराबाई मालीशवाली आली. तिनं तीन महिने तो हात असा रगडला की पोरगी किंचाळायची आणि मथुराबाई समाधानानं म्हणायची, "नस मोकळी होतीया." पोरीची आई सोनाली बारावी पास होती. घरात तिच्या शिक्षणाचं लई कौतुक होतं, फक्त मत कुणी विचारत नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती की मोठ्या डॉक्टरला दाखवू. घरानं तिचं ऐकलंही, पण दहाव्या महिन्यात. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणली असती तर नसा जोडायचं बघता आलं असतं. आता ज्या आपोआप जागतील त्या जागतील. व्यायाम सोडू नका आणि दाखवत राहा."

काही नसा जागल्या, काही झोपूनच राहिल्या. बोटं हलायला लागली, मूठ वळायला लागली, कोपर वाकलं. पण हात खांद्यातून वर उठेना आणि बाहेरच्या बाजूला वळेना. बरं, ज्या हाताला नसांचं बळ अर्धंमुर्धं आणि काम त्याहून कमी, तो हात वाढायलाही कुचराई करतो. डावा हात आपला मजेत लांबत होता, उजवा मागं मागं राहत होता.

हे सगळ्यात आधी कळलं ते मुनवरभाईंच्या टेपला. पहिल्या वाढदिवसाच्या फ्रॉकला पाव इंचाचा फरक लागला. तिसऱ्या वर्षी पाऊण इंचाचा. पाचवं सरता सरता चांगला सव्वा इंच, आणि दंडही डाव्याहून बारीक. दर वेळी मुनवरभाईंना वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण खोटं कशाला बोला, हात शिवशिवायचेही. उजवी बाही तेवढीच आखूड कापायची, मुंढ्याला, म्हणजे बाही खांद्याला जोडते तिथं, चुण्या घालून खांदा फुगवायचा, आत पातळसं पॅड द्यायचं, दंडाला दुहेरी अस्तर लावायचं. दोन्ही बाह्यांच्या कडा दोन्ही मनगटांवर अशा नेमक्या बसायच्या की बघणाऱ्याच्या बापाला कळू नये.

कापड घेऊन यायच्या द्वारकाबाई. बलभीमअण्णांची बायको, अर्पिताची आजी आणि त्या घराचं हायकोर्ट. हुकूम ठरलेला, "लांब बाह्यांचंच शिवायचं, मुनवरभाई. उन्हाळा असू द्या न्हायतर काय बी असू द्या." मे महिन्यात पोरगी घामानं भिजायची, पण लोकांच्या नजरेपेक्षा घाम परवडला. आणि माप घेऊन झालं की द्वारकाबाई हमखास विचारायच्या, "हात बरोबरीनं वाढतुया न्हवं?"

मुनवरभाई टेप गुंडाळत म्हणायचे, "वाढतोय की, वहिनी. फरकच न्हाय."

तेवढंच बाईला बरं वाटतं. आपल्या खिशातलं काय जातंय?

मग भूमला भावकीतलं लग्न निघालं. अर्पिता हिरव्या फ्रॉकमध्ये मिरवली आणि चार बायका म्हणाल्या, "अगं बया, हात सुधारला की पोरीचा!" द्वारकाबाईंनी मांडवातच जाहीर केलं की सोनारीचा काळभैरव पावला. नातीचा हात बरोबरीला येऊ दे, सगळ्या भावकीला पुरणपोळी घालीन, असा त्यांचा नवस होता. येत्या रविवारी तो फेडायचा. आणि त्याच रविवारनंतरच्या बुधवारची पुण्यातली ऑपरेशनची तारीख, जी सोनालीनं सात महिने फोन करकरून मिळवली होती, ती रद्द करायची. देवानं केल्यावर चिरफाड कशाला? बलभीमअण्णांनी मान डोलावली. पोरीचा बाप युवराज मोबाइलमध्ये बघत होता, त्यानं न बघताच मान डोलावली.

बातमी ईटला पोचली तेव्हा मुनवरभाई भडकले. पण कशावर? ऑपरेशनची गोष्ट अजून त्यांच्या कानावर आलेलीच नव्हती. त्यांची बायको सबिहा दुकानात काज-बटणं करायची. तिच्यापुढं ते तणतणले, "मुंढ्याच्या चुण्या म्या घालायच्या, पॅड म्या द्यायचं आन् नाव देवाचं! एक माणूस म्हणला न्हाय की मुनवरचा हात फिरला!"

"चुप बैठो जी," सबिहा सुईत दोरा ओवत म्हणाली. "अब देव के साथ मुकाबला करते क्या?"

दुसऱ्या दिवशी सोनाली अर्पिताला घेऊन आली. नवसाच्या जेवणासाठी पिवळ्या रेशमी कापडाचा फ्रॉक हवा होता. मुनवरभाईंनी टेप काढला. पोरगी शहाण्यासारखी उभी राहिली. उजव्या हाताला टेप लागला तशी म्हणाली, "चाचा, माझा ह्यो हात लहान हाय. तुमाला ठावं हाय का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? म्या आंघोळ करते की रोज."

मुनवरभाई हसले, पण सोनाली हसली नाही. ती म्हणाली, "चाचा, पुण्याची तारीख रद्द करायला सांगितलीय मला."

"कसली तारीख?"

तिनं सांगितलं. अर्पिताच्या खांद्याचे काही स्नायू नीट जागलेत, काही नाहीत, आणि जे जागलेत ते हाताला सारखे आत ओढतात. पोरगी अशीच वाढत गेली तर खांद्याचा सांधाच वाकडा घडेल. म्हणून हाड कोवळं आहे तोवर एक स्नायू सोडवून दुसऱ्या जागी लावायचा. "लांबी न्हाय भरून येणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. पण हात वर जाईल. तोंडाकडं जाईल, डोक्यापतोर जाईल. आत्ता घास खाताना कोपर कसं वर करती बघितलंय न्हवं तुमी? डॉक्टर म्हणले, आणखी थांबलात तर मग एवढं बी हुणार न्हाय."

"मग सांग की घरी!"

"सांगितलं. दोन्ही हात धरून दाखवले." सोनालीचा आवाज आता चढला. "आत्या म्हणल्या, तुला लई कळतं का मुनवरभाईला? तीस वर्सं लोकांची मापं घेतोय त्यो माणूस. त्यो म्हणतोय फरकच न्हाय. आता काय बोलू म्या, चाचा? तुमचा टेप मोठा का माझे डोळे?"

पाच वर्षं बाईला बरं वाटावं म्हणून फेकलेले चार शब्द, आणि त्या घरानं ते डॉक्टरच्या रिपोर्टाशेजारी ठेवून रिपोर्ट खोटा ठरवला! ह्यापेक्षा बाईनं ब्लाउज बिघडवला म्हणून चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सबिहानं सगळं ऐकलं होतं. सोनाली गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अब?"

संध्याकाळी मुनवरभाई बलभीमअण्णांच्या घरी गेले. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, मग त्यांनी घसा खाकरून सांगितलं की पोरीच्या हातात सव्वा इंचाचा फरक आहे, आपण खोटं बोललो, ऑपरेशन थांबवू नका.

बलभीमअण्णा आधी हसले आणि मग चिडले. "मुनवर, तू टेलर हायस का डॉक्टर? काल-परवापतोर फरक न्हाय म्हणत हुतास. आज सव्वा इंच! एका दिसात आखडला व्हय हात? तुझा टेप ताणला असंल, दुसरा घे."

"टेप ताणला असता अण्णा, तर दोन्ही हात चुकले असते."

"म्हंजी देव खोटा आन् तू खरा?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मुनवर नावाच्या माणसानं देवाबद्दलच्या ह्या प्रश्नाला उत्तर न दिलेलंच बरं, एवढं मुनवरभाईंना कळत होतं. युवराज मोबाइल चार्जिंगला लावायला आत गेला. दारात उभ्या असलेल्या द्वारकाबाई मुनवरभाईंकडं बघत राहिल्या. त्या भांडतील असं वाटलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "फ्रॉक रविवारी सकाळी पायजे."

मुनवरभाईंनी फ्रॉक शिवला. आयुष्यात इतका सोपा फ्रॉक शिवला नव्हता आणि इतका जड गेलाही नव्हता. डाव्या हाताचं जे माप, तेच उजव्याला. चुण्या नाहीत, पॅड नाही, दुहेरी अस्तर नाही. कात्री दोनदा आपसूक आत वळली, सवयीनं, आणि दोनदा त्यांनी ती बाहेर ओढली. सबिहानं बटणं लावली आणि बाह्या एकमेकींवर ठेवून बघितल्या. मग न मागताच चहा आणला.

रविवारी टेम्पो भरून भावकी सोनारीला निघाली. मुनवरभाईंनाही मानानं बोलावलं होतं, कारण अण्णांचा राग दोन दिवसांच्या वर टिकत नसे. फ्रॉक चुरगळू नये म्हणून तो पिशवीतच राहिला. देवळाजवळ झाडाखाली चूल पेटली, पुरण शिजलं, सोनारीच्या माकडांनी नेहमीप्रमाणे आधी स्वतःचा वाटा काढून घेतला. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "पोरीला तयार करा, दर्शनाला जायचंय."

सोनालीनं फ्रॉक घातला. डावी बाही मनगटावर बसली. उजव्या बाहीतून नुसती बोटांची टोकं दिसत होती. खांदा उतरला, दंडावर कापड लोंबलं. पोरगी मात्र खूश. तिनं बाही झटकून बोटं आत घेतली, बाहेर काढली, पुन्हा आत घेतली आणि खिदळत भावकीतून धावत सुटली.

भावकीनं बघितलं. आणि भावकीला काय वाटलं असेल?

"मुनवर थकला आता," एक काका म्हणाले. "बाही बघा कशी लांब करून ठिवलीय."

"डोळ्याचं बघा म्हणावं," एका काकूनं दुजोरा दिला.

"ऐन नवसाच्या दिशी! पैलं तरी घालून बघायचं."

पाच वर्षं मुनवरभाईंनी हात लपवला तेव्हा देव पावला, आणि एक दिवस लपवला नाही तेव्हा टेलर म्हातारा झाला. मुनवरभाईंना हसावं का रडावं कळेना. बलभीमअण्णा तावातावानं पुढं आले, "मुनवर! ही काय बाही हाय?"

मुनवरभाईंच्या गळ्यात टेप होताच, तो ते कुठंही जाताना काढत नसत. त्यांनी अर्पिताला जवळ बोलावलं, गुडघ्यावर बसले आणि खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला. मग तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. माप मोठ्यानं सांगितलं.

"डावा, पंधरा इंच." टेप दुसऱ्या बाजूला गेला. "उजवा, पावणेचौदा. बाह्या दोन्ही पंधराच्या हायत, अण्णा. बाही चुकली न्हाय. आजवर चुकवत हुतो, ती आज चुकवली न्हाय. म्या दर साली उजवी बाही आखूड शिवली, खांद्यात पॅड भरलं आन् तुमाला सांगितलं, फरक न्हाय. देवाचं नाव त्यात घालू नका. ते माझं काम हुतं. आन् पोरीला पुण्याला न्या. पाया पडतो तुमच्या."

काका पुरणाकडं बघायला लागले. युवराजनं मोबाइल खिशात घातला. त्याच्या आयुष्यातली ही मोठी घटना म्हणायची. बलभीमअण्णांनी तोंड उघडलं, पण द्वारकाबाईंनी हात वर केला आणि ते मिटलं.

द्वारकाबाई झाडाच्या पारावर बसल्या. मुनवरभाईंना म्हणाल्या, "चारचौघांत बोलायची काय गरज हुती?"

"घरी बोललो, वहिनी. कुणी ऐकलं न्हाय."

"म्या ऐकलं." द्वारकाबाईंनी पदराच्या टोकानं तोंड पुसलं. "मुनवरभाई, त्या हाताला रोज सकाळी म्या तेल लावते. पाच वर्सं झाली. ह्यो हात किती, त्यो हात किती, माझ्या हाताला ठावं न्हाय व्हय? तुमच्या टेपच्या आधीपासनं ठावं हाय."

"मग दर बारीला मला का विचारायचा?"

"तुमी फरक न्हाय म्हणणार, हे ठावं हुतं म्हणून." हायकोर्ट भरल्या भावकीत रडायला लागलं. "एवढंसं लेकरू. त्याला सुई टोचून निजवणार, दार लावून घेणार, आन् आमी भाईर बसायचं. उठलीच न्हाय तर? मला भ्या वाटतं ओ. लई भ्या वाटतं. तुमी फरक न्हाय म्हणलं की तेवढे दिस तरी झोप लागायची."

सोनाली पुढं आली. सासूच्या शेजारी बसायची तिची पद्धत नव्हती, पण आज बसली. "आत्या, भ्या मला बी वाटतंय. पर ती आंघोळीला बसली की एका हातानं डोक्यावर पाणी घेती. ते बघवत न्हाय मला."

"तारीख तर घालवली आपुन," द्वारकाबाई म्हणाल्या.

"न्हाय घालवली." सोनालीनं मान खाली घातली. "रद्द करायचा फोन केला, असं तुमाला खोटंच सांगितलं म्या. बुधवारी सकाळी आठला बोलावलंय."

द्वारकाबाईंनी तिच्याकडं बघितलं. एरवी ह्या गुन्ह्याला त्या घरात सहा महिने अबोला होता. पण आज त्या पारावर खरं वागलेलं माणूस शोधून सापडलं नसतं, तेव्हा कोण कुणाला बोलणार? अर्पिता मधे येऊन उभी राहिली आणि बाहीनं आजीचे डोळे पुसायला गेली. तिचा उजवा हात आजीच्या डोळ्यापर्यंत पोचेना, म्हणून तिनं आजीला सांगितलं, "तू खाली वाक की." द्वारकाबाई वाकल्या.

"पंगत बसवा," मग त्या उठत म्हणाल्या. "पोळ्या गार करू नका. देवाला काय सांगायचं ते म्या सांगते." आणि जाता जाता थांबून सोनालीला विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर कसं असतंय ग?"

"प्लास्टर. असा हात बाजूला काढून, वर धरलेला. सहा आठवडे."

"सहा आठवडे? मग अंगात काय घालायचं पोरीनं?" आवाजात हायकोर्ट परत आलं होतं. "मुनवरभाई, मंगळवार संध्याकाळपतोर दोन फ्रॉक पायजेत. सुती. पुढनं उघडणारे."

मुनवरभाईंनी गळ्यातला टेप काढला. "व्हय, वहिनी. उजव्या बाजूला बाही मोठी ठिवून वरनं झाकायचं बघतो. प्लास्टर दिसणार न्हाय असं करतो."

"झाकू नका," द्वारकाबाई म्हणाल्या. "उजवी बाही लावूच नका. बघू द्या लोकांना."